कॅल्क्युलेटर, मीरास आणि हरवलेले दोन पैसे

कॅल्क्युलेटरवर चार खुणा असतात: अधिक, उणे, गुणिले, भागिले. उर्दू माध्यमाच्या वर्गात या क्रियांना जमा, तफरीक, जर्ब आणि तकसीम म्हणतात. मराठी वर्गात त्याच बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार होतात. दोन्ही भाषा शिकवणाऱ्याला इथे एक गंमत दिसते. ‘वजा’ आणि ‘बाकी’ हे दोन्ही शब्द अरबीतून आले, ‘बेरीज’ फारसीतून आली, तर गुणाकार आणि भागाकार संस्कृतातले. हिशेब, रक्कम, जमा, खर्च, वसूल, हक्क, वारस हे शब्द तर मराठी माणूस रोज वापरतो आणि ते कुठून आले याचा विचारही करत नाही. त्या चार बटणांवर आपल्या दोन्ही भाषांचा इतिहास शेजारी शेजारी बसलेला आहे.

आज मोबाइलमध्येच कॅल्क्युलेटर असतो. पण १९७०-८० च्या दशकांतला हातात मावणारा, आठ अंकी, हिरव्या उजेडाचा कॅल्क्युलेटर अजून काही घरांत कपाटाच्या खणात सापडतो. तो कसा आला, त्याच्या पोटात काय आहे, आणि वाटणीचा हिशेब करताना तो नेमके काय टाकून देतो, हे या लेखात पाहू. शेवटचा मुद्दा यंत्रापुरता नाही. तो आपल्या घरांपर्यंत येतो.

खोलीतून खिशात

इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर येण्याआधी बँकांत आणि कचेऱ्यांत फॅसिटसारखी यांत्रिक यंत्रे होती. आकडे बसवायचे आणि दांडा फिरवायचा, की आतली दातेरी चाके उत्तर पुढे आणत. फॅसिट ही स्वीडनची कंपनी. अभियंत्यांकडे स्लाइड रूल असे. ऑर्डनन्स फॅक्टरी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी असलेल्या अंबरनाथसारख्या गावाला अशी साधने परकी नव्हती.

जपानमध्ये काशिओ बंधूंनी १९५७ मध्ये ‘कॅसिओ १४-ए’ बाजारात आणला. तो विजेच्या रिलेंवर चाले. त्यात तीनशेहून अधिक रिले होते, वजन १४० किलोच्या आसपास होते आणि आकार टेबलाएवढा होता. पंधरा वर्षांत हे टेबल खिशात आले, ते चिपमुळे. अमेरिकेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९६७ मध्ये हातात धरता येईल असा नमुना तयार केला. तो उत्तर कागदाच्या पट्टीवर छापत असे. जपानच्या बिझिकॉम कंपनीने आपल्या छापणाऱ्या कॅल्क्युलेटरसाठी इंटेलकडे चिप मागितल्या. त्या मागणीतून १९७१ मध्ये ‘४००४’ हा मायक्रोप्रोसेसर जन्मला. त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. आजच्या संगणकाचा आणि मोबाइलचा हा पूर्वज मुळात बेरीज-वजाबाकी करणाऱ्या यंत्रासाठी बनला होता.

१९७२ हे वर्ष निर्णायक ठरले. अमेरिकेत ह्युलेट-पॅकार्डचा ‘एचपी-३५’ ३९५ डॉलरला आला. त्यात साइन, कोसाइन, लॉगरिदम सगळे होते, आणि त्याने काही वर्षांत स्लाइड रूल अडगळीत टाकला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जपानमध्ये ‘कॅसिओ मिनी’ १२,८०० येनला आला आणि दहा महिन्यांत दहा लाख विकला गेला. तो फार साधा होता. चार पेन्सिल सेल, सहा अंकांची खिडकी, चार क्रिया. उत्तर सहा अंकांत मावले नाही, तर उरलेला भाग पाहायला एक वेगळे बटण दाबावे लागे. हे बटण लक्षात ठेवा. उत्तराचा एक भाग दिसतो आणि दुसरा मागितल्याशिवाय दिसत नाही, ही गोष्ट पुढे कामाला येईल.

फॅसिटला हा बदल झेपला नाही. १९७३ मध्ये ती कंपनी इलेक्ट्रोलक्सच्या ताब्यात गेली.

आपल्या बाजारात

भारतात त्या काळी आयातीवर कडक निर्बंध होते. दिल्लीच्या डीसीएमने देशात कॅल्क्युलेटर बनवायला घेतले. तिथे काम करणारे शिव नाडर आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले, आधी कॅल्क्युलेटर विकून भांडवल उभे केले, आणि १९७६ मध्ये त्यातूनच एचसीएल उभी राहिली. पुढे गुजरातच्या मोरबीतून ओरपॅटचे स्वस्त कॅल्क्युलेटर घरोघरी पोहोचले.

त्याआधी अनेक घरांत कॅल्क्युलेटर आला तो आखातातून. रायगड आणि रत्नागिरीतले कोकणी मुसलमान कुवेत, दुबई, सौदीला नोकरीला गेले. सुट्टीवर येताना त्यांच्या बॅगेत टेपरेकॉर्डर, घड्याळ, अत्तर आणि बरेचदा एक कॅसिओ असे. घरातला शिकणारा मुलगा त्याचा मालक होई आणि बाकीच्यांना हात लावायची परवानगी नसे.

उल्हासनगरची कथा वेगळी आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंध-हैदराबादच्या ‘सिंधवर्की’ व्यापाऱ्यांच्या पेढ्या फाळणीच्या कितीतरी आधी हाँगकाँग, सिंगापूर आणि जपानच्या कोबे बंदरापर्यंत पसरल्या होत्या. सिंधी दुकानदारांची हिशेबाची स्वतंत्र लिपीही होती. तिला हटवाणिका म्हणत, आणि तिच्यात स्वरचिन्हे जवळपास नसत. ती व्यापाऱ्याच्या घाईतून घडली. अशा हिशेबी समाजाच्या गल्ल्यावर कॅल्क्युलेटर येऊन बसला यात नवल नाही.

‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ ही थट्टा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. सर्वस्व सोडून आलेल्या माणसांनी छावणीच्या बराकींत उद्योग उभे केले, ही बाजू त्या थट्टेत सुटते. नकली माल काही एका गावाची मक्तेदारी नाही. कॅल्क्युलेटरच्या बाबतीत तर तो देशभर दिसतो. नामवंत कंपनीच्या नावातले एखादे अक्षर बदललेले असते. वर सौरपट्टी दिसते, पण ती नुसती काळ्या प्लास्टिकची असते. ओळखायची रीत सोपी आहे. खऱ्या सौर कॅल्क्युलेटरचा सेल काढला तरी उजेडात आकडे दिसतात. नकली पट्टीचा तत्काळ मरतो.

खिडकीमागे काय चालते

जुन्या कॅल्क्युलेटरच्या खिडकीत प्रत्येक अंक सात दांड्यांनी बनतो. आठ लिहायला सातही दांड्या पेटतात, एक लिहायला दोनच. पहिल्या पिढीत हिरवट-निळा उजेड देणाऱ्या काचेच्या नळ्या किंवा लाल एलईडी असत. सगळे अंक एकाच वेळी पेटलेले दिसतात, पण ते तसे नसते. यंत्र एकेक अंक आळीपाळीने पेटवते, इतक्या वेगाने की डोळ्याला कळत नाही. यामुळे तारा आणि वीज दोन्ही वाचतात. तरीही सेल भराभर संपत. १९७० च्या दशकातच एलसीडी आली. ती स्वतः उजेड देत नाही, म्हणून वीज नगण्य लागते आणि टिकलीएवढा सेल वर्षानुवर्षे चालतो.

या सात दांड्यांत देवनागरी अंक बसत नाहीत आणि उर्दूचेही बसत नाहीत. बसतात ते फक्त ज्यांना आपण इंग्रजी आकडे म्हणतो ते. पण भारतीय राज्यघटनेचे ३४३ वे कलम त्यांना इंग्रजी म्हणत नाही. तिथे शब्द आहे ‘भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय स्वरूप’, आणि तो इतिहासाला धरून आहे. हे अंक भारतातून अरबांकडे गेले. इसवी सन ८२० च्या आसपास बगदादमध्ये काम करणाऱ्या मुहम्मद बिन मूसा अल-ख्वारिझ्मी यांनी भारतीय अंकगणितावर पुस्तक लिहिले. त्याच्या लॅटिन अनुवादातून हे अंक युरोपात रुजले. अल-ख्वारिझ्मींच्या नावावरून ‘अल्गोरिदम’ शब्द आला, त्यांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या नावातल्या ‘अल-जब्र’वरून ‘अल्जिब्रा’. अरब आजही आपल्या अंकांना ‘हिंदी अंक’ म्हणतात.

आता चिपकडे वळू. संगणक साधारणपणे द्विमान पद्धतीने मोजतो. साधा कॅल्क्युलेटर मात्र प्रत्येक दशमान अंक वेगळा ठेवतो, एका अंकासाठी चार बिट. त्यामुळे ०.१ किंवा ०.२५ त्याला अचूक सांभाळता येतात, आणि रुपये-पैशांच्या हिशेबाला ते बरे. पण एक तृतीयांश? १ भागिले ३ केले की ०.३३३३३३३ येते आणि खिडकी संपते. पुढचे सगळे ३ यंत्र टाकून देते. आता त्यालाच ३ ने गुणा. उत्तर १ येत नाही, ०.९९९९९९९ येते. १ भागिले ७ गुणिले ७ केले तर ०.९९९९९९७. सायंटिफिक कॅल्क्युलेटर खिडकीत न दिसणारे काही जास्तीचे अंक पोटात जपतो, म्हणून तिथे १ परत मिळतो. साध्या आठ अंकी यंत्राकडे ती सोय नसते.

दुकानातल्या बारा अंकी टेबल-कॅल्क्युलेटरवर एक छोटी सरकपट्टी असते. तिच्यावर ‘कट’, ‘अप’ आणि ‘५/४’ असे लिहिलेले दिसते. कट म्हणजे शेपूट छाटा, अप म्हणजे वर न्या, ५/४ म्हणजे चार असेल तर सोडा, पाच असेल तर वर घ्या. बहुतेक जण त्या पट्टीला कधी हात लावत नाहीत. पण उरलेला तुकडा कोणाच्या पदरात पडणार, हे ती पट्टी ठरवते.

जुना रुपया आणि सहा हिस्से

हा तुकड्यांचा प्रश्न आपल्या पूर्वजांपुढे फारसा नव्हता, कारण त्यांचा रुपया वेगळा होता. १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै होत. शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ करून घेत. अपूर्णांक हा तोंडी खेळवायचा आकडा होता.

सूरह निसाच्या अकराव्या आणि बाराव्या आयतींत मीरासीचे ठरावीक हिस्से सहा आहेत: निम्मा, पाव, अष्टमांश, दोन तृतीयांश, एक तृतीयांश, षष्ठांश. आता १९२ ला या सहांनी भागून पाहा. ९६, ४८, २४, १२८, ६४, ३२. एकही पै उरत नाही. तेच शंभर पैशांच्या रुपयाला लावा. निम्मा आणि पाव जमतात, बाकीचे चार अडतात. दशमान रुपया शाळेतल्या मुलांना आणि कॅल्क्युलेटरला सोपा गेला, पण तिसऱ्या आणि आठव्या हिश्श्याला तो अवघड झाला.

फकीहांनी मात्र दशांशाचा मार्ग धरलाच नव्हता. इल्मे-फराइज, म्हणजे वारसाहक्काच्या हिश्श्यांचे शास्त्र, पूर्णांकांत चालते. सगळ्या हिश्श्यांना पुरेल असा छेद आधी शोधायचा आणि मालमत्तेचे तेवढे भाग मानायचे. माणूस वारला, मागे पत्नी, एक मुलगा आणि एक मुलगी असेल, तर भाग चोवीस. पत्नीला तीन, मुलाला चौदा, मुलीला सात. बेरीज बरोबर चोवीस. कोणाचे काही हरवत नाही.

हाच हिशेब दहा लाख रुपयांवर आठ अंकी कॅल्क्युलेटरने करू. पत्नीचा आठवा हिस्सा १,२५,०००. उरले ८,७५,०००, त्यांचे तीन भाग. यंत्र दाखवते २,९१,६६६.६६, हा मुलीचा. त्याची दुप्पट ५,८३,३३३.३२, हा मुलाचा. तिन्हींची बेरीज करा: ९,९९,९९९.९८. दोन पैसे कुठेतरी गेले.

आणखी प्रसिद्ध उदाहरण हजरत अली (रजि.) यांच्या नावाने सांगितले जाते. ते मिंबरवर असताना कोणी विचारले की पत्नी, दोन मुली, आई आणि वडील असे वारस असतील तर? आठवा, दोन तृतीयांश, सहावा आणि सहावा, यांची बेरीज मालमत्तेपेक्षा जास्त होते. ते उभ्या उभ्या म्हणाले की पत्नीचा आठवा हिस्सा आता नववा झाला. चोवीस भागांतून वाटायचे झाले तर ३, १६, ४ आणि ४ मिळून सत्तावीस होतात. म्हणून मालमत्तेचेच सत्तावीस भाग करायचे. सगळ्यांचा हिस्सा एकाच प्रमाणात थोडा कमी होतो, कोणी एकटा नुकसान सोसत नाही. फराइजमध्ये याला ‘औल’ म्हणतात, आणि हे उदाहरण ‘मिंबरिया’ म्हणून ओळखले जाते. जुन्या कॅल्क्युलेटरवर ही बेरीज १.१२४९९९८ येते. खरे उत्तर १.१२५, म्हणजे नेमके सत्तावीस चोविसांश. यंत्राच्या उत्तरावरून सत्तावीस ओळखायला माणसाला आधीपासून सत्तावीस माहीत असावे लागतात.

जुने यंत्र वापरायचेच असेल तर एक नियम पुरे: आधी गुणा, शेवटी भागा. ७ भागिले २४ करून मग दहा लाखांनी गुणले तर २,९१,६६६.६ मिळतात. आधी दहा लाख गुणिले ७ करून मग २४ ने भागले तर २,९१,६६६.६६, म्हणजे एक अंक जास्त बरोबर. रक्कम दोन कोटी असेल तर सातने गुणताच नऊ अंक होतात आणि खिडकीत ‘ई’ उमटतो. बारा अंकी यंत्र आपल्याकडे लोकप्रिय आहे ते यासाठीच. प्रत्येकाचा हिस्सा काढला की ‘एम प्लस’ दाबत जा आणि शेवटी मेमरी पाहा. मूळ रक्कम परत आली पाहिजे.

जे कोणत्याच खिडकीत दिसत नाही

अल-ख्वारिझ्मींचे अल-जब्रचे पुस्तक समीकरणांसाठी प्रसिद्ध आहे. पण त्याचा जवळजवळ अर्धा भाग मृत्युपत्रे आणि वारसांच्या वाटण्यांवर आहे, हे आपल्या मुलांना क्वचितच सांगितले जाते. बीजगणिताच्या त्या पहिल्या मोठ्या पुस्तकाला घरातल्या वाटण्यांची गरज होती. विधवेला आणि मुलीला तिचे नेमके किती, याचे उत्तर हवे होते.

आज ते उत्तर मोबाइलवर मिळते. मीरासीचे कॅल्क्युलेटर इंटरनेटवर आहेत, वारस भरले की हिस्से दाखवतात. तरीही अंबरनाथ-बदलापूरसारख्या वाढत्या गावांत चित्र काय असते? वडिलांची चाळीतली खोली पुनर्विकासात जाते, दुकानाला चांगला भाव येतो, जुन्या घराच्या जागी इमारत उभी राहते. मग भाऊ हिशेबाला बसतात. कॅल्क्युलेटर असतो, पैशापर्यंत बेरीज जुळवली जाते, दोन पैसे कमी आले तर पुन्हा बटणे दाबली जातात. आणि बहिणीसमोर हक्कसोडपत्र ठेवले जाते. “तुझं लग्न केलं, आता माहेर तोडू नकोस,” असे कोणीतरी मोठे म्हणते. ती सही करते. वरच्या उदाहरणातले २,९१,६६६ रुपये असे जातात. त्यांची चुकामूक कोणत्याही खिडकीत दिसत नाही, कारण तिचा आकडा यंत्रात घातलेलाच नसतो.

हे नवे नाही. ब्रिटिश काळात अनेक ठिकाणी रूढीच्या नावाखाली मुसलमान स्त्रियांना वारसा नाकारला जाई. मुंबई इलाख्यात खोजा आणि कच्छी मेमन समाजाला न्यायालयांनी वारशाबाबत रूढीच लागू केली होती. १९३७ चा शरीयत कायदा आला तेव्हा अशा रूढींना बाजूला सारणे हे त्याचे मोठे कारण होते. हिंदू बहिणींची कथाही फार दूरची नाही. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा वाटा दिला, पण हक्कसोडपत्रे थांबली नाहीत. धर्म कोणताही असो, स्टॅम्प पेपर तोच.

मुलीला मुलाच्या निम्मेच का, हा प्रश्न आज विचारला जातो, आपल्या घरातल्या शिकलेल्या मुलीही विचारतात. त्यावर चर्चा व्हायला हवी. पण त्या चर्चेत शरीयतची बाजू घेऊन सर्वांत मोठ्या आवाजात बोलणाऱ्यांनी आधी एक सांगावे: ज्या हिश्श्यावर त्यांचाही वाद नाही, तो त्यांच्या बहिणीला मिळाला का? तिने मनापासून सोडला असेल, तर आधी तो तिच्या हातात देऊन पाहिला होता का? हातात न आलेल्या रकमेचे दान होत नाही. ते दडपण असते.

म्हणून वाटणीला बसताना कॅल्क्युलेटर शेवटी घ्यावा. आधी कोऱ्या कागदावर सगळ्या वारसांची नावे लिहावीत: आई, पत्नी, मुली, परगावी दिलेली बहीण, सगळी. मग दफनाचा खर्च, मयताचे कर्ज आणि वसीयत असेल तर एक तृतीयांशाच्या मर्यादेत ती, असे क्रमाने वजा करावे. पत्नीचा मेहर दिलेला नसेल तर तोही कर्जातच धरायचा, हे बरेच जण विसरतात. त्यानंतर छेद शोधावा, हिस्से पूर्णांकांत मांडावेत आणि नावापुढे लिहावेत. रुपयांत उतरवताना दोन पैसे उरले, तर ते कोणालाही द्यावेत. त्यावरून कोणाचे घर तुटत नाही.